आखूड रवी

बायकोनं माहेरून आणलेल्या सामानात एक रवी होती. ती मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. येडशीकडच्या एका खेड्यात मी सुतारकी करायचो. गावातले नांगर, तिफणी, घरांच्या तुळया, सगळं माझ्या हातचं. आणि माझी बायको ताक घुसळायची ती दुसऱ्याच सुतारानं केलेल्या रवीनं. तो सुतार म्हणजे तिचा बार्शीचा आतेभाऊ. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. मानपानावरून दोन्ही घरांचं फिसकटलं, म्हणून ती मला मिळाली, हे लग्नाच्या मांडवातच कुणीतरी माझ्या कानावर घातलं होतं. बार्शी इंग्रजी हद्दीत, मधे नाका. माणूस नाक्यापलीकडं राहिला, पण त्याची रवी रोज सकाळी माझ्या घरात फिरायची. जळफळाट होणार नाही तर काय?

रवीत तसं काही नव्हतं. दांडा आखूड, दोरीची खाच फार खाली, पाकळ्या जाडजूड. आल्यागेल्याला दाखवून मी हसायचो. पण लोणी लवकर यायचं, आणि आई सुनेबरोबर त्या रवीचंही कौतुक करायची. मला ते ऐकवत नसे.

शेवटी मी ठेवणीतलं शिसवीचं लाकूड काढलं. त्याची नक्कल मी करणार नव्हतो, त्याची जिरवणार होतो. उंच सरळ दांडा, खाच चांगली वर, पाकळ्या नाजूक. तेल पाजून पाजून गुळगुळीत केली. छान झालीय, बायको म्हणाली. काही दिवस वापरली. मग एका सकाळी डेऱ्यात पुन्हा जुनीच.

माझं डोकं फिरलं. त्याची आठवण सुटत नसेल तर बार्शीला जा, असं मी आईदेखत बोललो.

ती रडली नाही. डेऱ्यात माझी रवी लावली आणि दोरी ओढून दाखवली. उजवा हात वर गेला, डावा निम्म्यातच थांबला. तोंड वेदनेनं वाकडं झालं.

“ह्यो खांदा वर जात न्हाय. ल्हानपणी चिंचेवरून पडले व्हते.”

तिला नांदायला येऊन चार वर्षं झाली होती. हे त्या आतेभावाला कुणी सांगितलं, मी विचारलं.

“कुणीच न्हाय. ताक घुसळताना त्यानंच बगितलं.”

तिनं माझी रवी धुऊन खुंटीला लावली आणि जुनी घेतली. तिच्या खांद्याचं वाईट वाटायचं सोडून मी एकच विचार करत राहिलो, तो तिच्याकडं किती वेळ बघत बसला असेल.