आबांचा गाळलेला ‘हाय’

माझ्या हातून शुद्धलेखनाची एकच मोठी चूक झाली, आणि ती मी शुद्ध लिहिल्यामुळे झाली. मी लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताच्या आधी माझी नजर ऱ्हस्व-दीर्घावर जाते. रिक्षाच्या पाठीवर ‘आई-वडिलांचा आर्शिवाद’ वाचून मी एकदा भर पावसात ती रिक्षा सोडून दिली होती. अशा बाईच्या वडिलांनी देगलूरला राहून जन्मभर ‘हाय’ आणि ‘न्हाई’ बोलावं, हा माझ्यावर सरळसरळ अन्याय होता. “आबा, ‘आहे’ म्हणा, ‘आहे’,” असं मी कळायला लागल्यापासून सांगत आले. “म्हणतो की बाई. सवय हाय,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत कधीतरी त्यांना उंचावर, बर्फात पाठवलं होतं, आणि त्या बर्फाच्या गोष्टींवर त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली. आमच्या घराजवळ पिठाच्या गिरणीसमोर एक कट्टा आहे. दळण होईपर्यंत बसणारे आणि दळण नसतानाही बसणारे, असे दोन्ही प्रकारचे श्रोते तिथे मिळतात. आबा त्यांना सांगायचे, की वर अंडं हातोडीनं फोडावं लागायचं, घासलेट गोठायचं, कांदा करवतीनं कापायचा. आणि एका जवानाला शिंक आली तेव्हा त्याची अर्धी मिशी मोडून चहात पडली. देगलूरच्या माणसानं बर्फ पाहिलेला असतो तो लग्नात सरबतासाठी आणलेला, भुशात गुंडाळलेल्या लादीचा. त्या लादीनं आजवर कुणाची मिशी मोडलेली नाही.

“तीन हिवाळे काढले तिथं,” आबा बोटं दाखवून म्हणायचे. “तीन!”

कट्ट्यावर विरोधी पक्ष म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका. आबांच्या प्रत्येक गोष्टीनंतर ते शांतपणे एकच प्रश्न विचारत. “मंग हवालदार, ती मिशी काढून पुन्यांदा चिकटवली, का चहासंगं पिऊन टाकली?” आबा चिडून चप्पल काढत आणि हिमदंशानं काळी पडलेली डाव्या पायाची करंगळी पुरावा म्हणून पुढे करत. काका चष्मा लावून करंगळी नीट बघत आणि निकाल देत, “ही दाराला आपटलेली हाय.”

सगळे हसायचे आणि खरं सांगायचं तर मीही हसायचे. चौथीत असताना मी ती मिशीची गोष्ट वर्गात सांगितली होती आणि बाईंनी थापा मारते म्हणून तासभर उभं केलं होतं. घरी येऊन मी आबांना बजावलं, की असल्या गोष्टी मला पुन्हा सांगायच्या नाहीत. त्यांनी पुन्हा कधी सांगितल्या नाहीत. बाकी गावाला सांगत राहिले.

मग एका सव्वीस जानेवारीला देगलूरच्या शाळेनं माजी सैनिकांचा सत्कार ठरवला. मुख्याध्यापकांना प्रत्येकाची ओळख वाचून दाखवायची होती, म्हणून त्यांनी सगळ्यांची डिस्चार्ज बुकं मागवली. फौज सोडताना मिळतं ते हे पुस्तक. माणसाची सगळी नोकरी त्यात लिहिलेली असते. आबांनी ते निवृत्तीच्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलं होतं आणि त्यानंतर उघडलंच नव्हतं. मुख्याध्यापकांनी माईकवरून वाचलं, की हवालदारसाहेबांना दोन मेडलं मिळाली. एक सैन्य सेवेचं, एक नऊ वर्षं सेवेचं. बर्फातल्या नोकरीचं जे मेडल असतं, त्याचं नावच नव्हतं.

“हे बघा हवालदार,” जिलेबी खाता खाता कंडक्टरकाका म्हणाले, “सगळी नोकरी मी हेच केलो. तिकीट न्हाई म्हंजी प्रवास न्हाई.”

हे आबांना फार लागलं. काकांचे बाकीचे सगळे टोमणे ते विसरून जात, हा विसरले नाहीत. कुणा कारकुनाच्या हातून एक ओळ राहून गेली आणि त्या ओळीबरोबर अख्खा बर्फ खोटा ठरला. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, त्याचा फोटो काढला आणि माझ्या मोबाईलवर पाठवला. खाली निरोप होता, ‘चांगलं टाईप करून धाडून दे.’

अर्ज एका दमात लिहिलेला होता. स्वल्पविराम, पूर्णविराम कशाचा पत्ता नाही. ‘माज्या पुस्तकात सैन्य सेवा मेडल हाय नऊ वर्सं सेवा मेडल हाय हाय अल्टिट्यूड मेडल न्हाई तरी ते चढवून द्यावं.’

मी लाल पेन घेऊन बसले. ते ‘हाय हाय’ वाचून आधी वाटलं, आबा मोर्चा काढताहेत की काय. मग ठरवलं, म्हाताऱ्या माणसाचा हात आहे, एक शब्द दोनदा पडला असेल. एक ‘हाय’ खोडला आणि उरलेल्या दोघांचे ‘आहे’ केले. तयार झालं ते असं: ‘माझ्या पुस्तकात सैन्य सेवा मेडल आहे; नऊ वर्षे सेवा मेडल आहे; अल्टिट्यूड मेडल नाही. तरी त्याची नोंद व्हावी, ही नम्र विनंती.’ त्या अर्धविरामांचा मला इतका अभिमान वाटला, की मी तो अर्ज आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. आबांची सही मागच्या भेटीत कोऱ्या कागदावर घेऊन ठेवलीच होती. तिच्या वर छापला आणि फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवून दिला.

तीन महिन्यांनी रजिस्टर पत्र आलं. पोस्टमननं ते घरी न नेता थेट कट्ट्यावर दिलं, कारण आबा कुठे असतात हे त्याला ठाऊक होतं. आबांकडे चष्मा नव्हता, म्हणून कंडक्टरकाकांनी मोठ्यानं वाचलं. पत्र हिंदीत होतं आणि त्याचा अर्थ स्वच्छ होता: ‘अल्टिट्यूड मेडल’ या नावाचं कोणतंही पदक नाही.

काका हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्राची नीट घडी घातली, आबांच्या हातात दिली आणि गिरणीवाल्याला आपलं दळण झालं का ते विचारलं.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. “तुजे आबा कट्ट्यावर जाऊन न्हाई राहिले. घरातच बसून राहतेत, बोलत बी न्हाईत. घर लई शांत झालंय बाई. मी बिनकामाचा टीव्ही लावून बसून राहिले.” मी रविवारी उदगीरची बस धरली, तिथून दुसरी बस करून देगलूर गाठलं. आबांनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक त्यांचा मूळ अर्ज, एक मी पाठवलेला, पत्राबरोबर परत आलेला.

“बाई,” ते म्हणाले, “माजा एक हाय कुठं गेला?”

“कुठला? दोनदा पडला होता, तो काढला मी.”

“त्योच तर मेडलचा व्हता. हाय अल्टिट्यूड. उंचावरचा. त्यो इंग्रजी हाय हाय.”

“आणि त्याच्या आधीचा?”

“त्यो आपला हाय.”

मला आधी हसू फुटलं आणि ते मध्येच थांबलं. ज्या मेडलासाठी हा माणूस जीव टाकत होता, त्याचं नाव मी व्याकरणात बसत नाही म्हणून खोडलं होतं, आणि सरकारनं माझ्या शुद्ध मराठीवर विश्वास ठेवून माझ्या बापाला खोटं ठरवलं होतं. मला फार लाज वाटली. आई म्हणाली, “आता रडून काय व्हतंय, नांदेडला जा.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी आबांना घेऊन नांदेडला माजी सैनिकांच्या ऑफिसात गेले. खिडकीवर कंधारकडचे एक निवृत्त सुभेदार बसले होते. त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला.

“मेडलचं नाव?”

“हाय अल्टिट्यूड,” आबा म्हणाले.

“पुस्तकात हाय का?”

“न्हाई.”

“मंग हाय म्हणून काय सांगू लागलात?”

“नावात हाय हाय. पुस्तकात न्हाई.”

सुभेदारांनी टायपिंग थांबवलं. मी मध्ये पडून सगळा घोळ सांगितला. “पण तुम्ही त्यो काढलात काहून?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी मराठीची शिक्षिका आहे. “बरूबर,” म्हणाले आणि पुन्हा टाईप करू लागले. मेडलचं पूर्ण नाव त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि ओळ चढवायला पुस्तक अर्जासोबत ठेवून घेतलं. शिवाय आबांची पलटण वर कधी गेली आणि कधी उतरली, त्या फौजी नोंदीची नक्कलही मागवली. “पुराव्यासगट येऊ द्या,” म्हणाले. उत्तरासाठी मी माझ्या लातूरच्या शाळेचा पत्ता दिला. गिरणीवर पत्र वाचलं जाण्याचा धसका मी घेतला होता.

पाकीट आलं तेव्हा दिवाळी तोंडावर होती. मी उभ्याउभ्याच फोडलं. पुस्तकात तिसऱ्या मेडलाची ओळ चढली होती, गोल शिक्क्यासकट. मी स्टाफरूममध्ये ओरडले. मग सोबतची नक्कल वाचली आणि खुर्चीत बसले. आबा वर होते त्याची मुदत तिथे लिहिली होती. सहा महिने अकरा दिवस. म्हणजे एक हिवाळा.

देगलूर येईपर्यंत बसमध्ये माझं एकच चाललं होतं, ही नक्कल द्यायची की पर्समध्ये ठेवायची. काही ठरायच्या आत स्टँडवर आबा दिसले, इस्त्रीचा शर्ट घालून. घरी चहासुद्धा न देता त्यांनी मला थेट कट्ट्यावर नेलं. “वाच बाई,” म्हणाले. “मोठ्यानं.”

मी मेडलाची ओळ वाचली. कंडक्टरकाकांनी पुस्तक हातात घेतलं, शिक्का उजेडात धरून बघितला आणि आबांना म्हणाले, “मानलं हवालदार. खरंच जाऊन आलात की.” आबांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, चला, सुटले. तेवढ्यात काकांना माझ्या हातातला दुसरा कागद दिसला.

“त्याच्यात काय हाय?”

“तारखा आहेत नुसत्या,” मी म्हणाले. “पुसट आलंय सगळं.” लिहिलेलं वाचायला मी जन्मात पहिल्यांदाच नकार देत होते.

“पुसट न्हाई,” आबा म्हणाले. “वाच.”

मी वाचलं. सहा महिने अकरा दिवस. काकांनी मनातल्या मनात मोजलं. “म्हंजी एकच हिवाळा.”

“एकच,” आबा म्हणाले. “आल्या आल्या मी एकच सांगत व्हतो. कुणी खरं मानंना. घरात बी न्हाई.” माझ्याकडे ते बघत नव्हते. “मंग दोन केले. दोन केले तरी न्हाई, मंग तीन केले. त्या एकावर इस्वास ठिवला असता तर बाकीचे दोन मला काहून काढावे लागले असते?”

काका बाजूला सरकले आणि त्यांनी आबांसाठी जागा केली. “बसा. त्या एकाचंच सांगा. कसं व्हतं तिथं?”

आबा बसले. अंडं, कांदा, घासलेट यातलं काहीतरी निघणार म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

“लई भेव वाटायचं,” ते म्हणाले.

हे त्यांनी आजवर कट्ट्यावर सांगितलं नव्हतं, घरातही नाही. पुरावा कुणी मागितला नाही. आम्ही सगळ्यांनी ते लगेच खरं मानलं.