हरलेल्याचं स्टूल

वसुधाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुबळीहून धारवाडकडे जाणाऱ्या बसमध्ये होतो. फोन तिच्या भाचीचा. "काका, मावशी गेली हो... पहाटे झोपेतच," एवढं बोलून तिने फोन दुसऱ्या कुणाकडे तरी दिला. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज शनिवार, मुलं येतील, आता ग्रंथालयातली खेळांची खोली कोण उघडणार? माणूस गेल्याचं दुःख सावकाश येतं, कामं मात्र लगेच पुढ्यात येऊन उभी राहतात. त्या शनिवारी खोली उघडली नाही. दारावर चिठ्ठी लावायचंही मला सुचलं नाही.

अक्का आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात उपग्रंथपाल, आणि मी तिच्या हाताखाली. वयाने मोठी म्हणून सगळ्यांची अक्का. एरवी मी "शशी", पण ती रागावली की माझे "शशिकांतराव" होत. निवृत्ती जवळ आली की माणसं गुडघ्यांवरची औषधं शोधतात, हिने ग्रंथालयात व्हिडिओ गेमचा संग्रह सुरू करायचं काढलं. मी म्हटलं, "अक्का, पोरं आधीच मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्यात. त्यात आपण आणखी भर घालायची का?" ती म्हणाली, "एकटी बसल्यात रे ती. इथं चारचौघांत बसू देत की." मी खरेदीचा अर्ज भरायला घेतला. तिच्याशी वाद घालताना बहुतेक वेळा असंच व्हायचं.

खेळांची पहिली पेटी आली तेव्हाची गंमत सांगायला हवी. पुस्तक आलं की त्याच्या पहिल्या पानावर आणि आत एका ठरलेल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का मारायचा, ही आमची जन्माची सवय. डिस्कला पानं नाहीत, पण बाजू दोन आहेत... तेव्हा आमच्या विभागाने दोन्ही बाजूंना मस्त जांभळे शिक्के उमटवले. यंत्राने एकही डिस्क वाचली नाही. अक्का दुपारभर कापूस आणि स्पिरिट घेऊन एकेक डिस्क पुसत बसली. चिडेल म्हणून आम्ही लांब उभे, आणि ही आपली हसते आहे. "नशीब, बाइंडिंगला पाठवल्या नाहीत," म्हणाली. काही वाचल्या, काही गेल्या. वाचल्या त्यांच्यावर ती जांभळी छटा अजून आहे.

मग दर शनिवारी दुपारी खेळ सुरू झाले, सत्राच्या शेवटी सामने. खाली वाचनकक्ष असल्यामुळे ओरडायला बंदी, टाळ्याही नाहीत. कुणी जिंकलं की मुलं नुसते हात वर करून हलवत. पण अक्काचा खरा नियम वेगळाच होता. वरच्या फळीवरची पुस्तकं काढायचं एक जुनं लोखंडी स्टूल होतं. धारवाडच्या सुभाष रोडवरून तिने त्यावर हिरव्या रेक्झिनची गादी बसवून आणली आणि ते खेळणाऱ्याच्या खुर्चीशेजारी ठेवलं. जिंकणाऱ्याने उठून रांगेत मागे जायचं. हरणाऱ्याने मात्र जायचं नाही. त्याने या स्टुलावर सरकायचं आणि पुढच्या नवख्याला शिकवायचं. सोतवरु एळबारदु, म्हणजे हरलेल्याने उठायचं नाही, असं ती मुलांना कानडीत बजावायची. "जिंकलेल्याला आपण का जिंकलो ते कळतच नाही रे. हरलेल्याला खड्डा कुठं आहे ते पक्कं ठाऊक असतं." ती स्वतः खेळात इतकी कच्ची, की ते स्टूल बहुतेक वेळा तिच्याच वाट्याला येई.

रेणुका तिथेच भेटली. अळणावरकडच्या एका खेड्यातली मुलगी, आईबाप रोजगाराला जाणारे. पहिल्याच सत्रात बऱ्याच विषयांत नापास झाली आणि पुस्तकं परत करून गावी निघाली होती. मी पुस्तकं जमा करून घेतली. माझं काम तेवढंच. अक्का शेजारी उभी होती. "गाडी कितीची आहे ग तुझी?"

"सांजची हाय."

"मग तोवर बस की." तिला वर नेऊन हातात कंट्रोलर दिला. रेणुका सगळ्यांशी हरली. हरली म्हणून स्टुलावर बसली, बसली म्हणून दुसऱ्या मुलीला शिकवू लागली... आणि तिची गाडी चुकली. सोमवारी ती पुस्तकं पुन्हा घेऊन गेली. या गोष्टीचा अक्काने कधी गाजावाजा केला नाही. आम्हीच करत होतो.

यंदाच्या हिवाळ्यात ठरलं, की ती खोली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला द्यायची. मुलांचीच मागणी होती, जागा खरोखर अपुरी पडत होती, कुणाला दोष द्यावा? अक्काने बैठकीत बाजू मांडली. निदान शनिवारची दुपार तरी राहू द्या, म्हणाली. कुणी मानलं नाही. सत्र संपलं की खोली रिकामी करायची आणि खेळ कपाटात बंद करायचे, असा निर्णय झाला. ती जिना चढून आली तेव्हा तिला दम लागला होता. "आपण हरलो बघ, शशी."

"मग आता?"

"आता काय... बसायचं." आणि गेली ती खरंच स्टुलावर बसायला. मला तिचा राग आला. मी दमलो होतो. वायरी गुंडाळून, बॅटऱ्या चार्ज करून, खालून येणाऱ्या तक्रारी ऐकून मला कंटाळा आला होता. संपतंय तर संपू दे, असं मला मनापासून वाटत होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली.

परवाच्या शनिवारी मी खोली उघडली ती लवकरच आवरून टाकायला. सत्र संपायला अवकाश होता, पण अक्काच नाही तर कशासाठी ताटकळायचं? बघतो तर दाराशी रेणुका, आणि तिच्यामागे आणखी मुलं. मी म्हटलं, "अग, मला यातलं काही येत नाही."

"मला तरी कुठं येत होतं, सर?" तिने माझ्या हातात कंट्रोलर ठेवला. आजवर नोंदवहीत ज्यांचे दाखल क्रमांक घातले, त्यातला एकही खेळ मी कधी खेळलो नव्हतो. फळ्यांवरून उड्या मारत पूल ओलांडायचा होता. माझा माणूस पाण्यात पडला, परत पडला, रेणुकाचा पलीकडे पोचलासुद्धा. मुलांनी हात वर करून हलवले. मी गुडघ्यांवर हात टेकून उठू लागलो.

"सर," रेणुका म्हणाली. माझ्याशी ती नेहमी मराठीत बोलते, हे मात्र कानडीत म्हणाली, "सोतवरु एळबारदु."

मी स्टुलावर सरकलो. त्याची गादी एका बाजूला दबलेली आहे, अक्का तशीच कलून बसायची. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तेवढ्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा शेजारच्या खुर्चीत येऊन बसला आणि कंट्रोलर उलटा धरून माझ्याकडे बघू लागला. "काय करू, सर?"

मी तो सुलटा करून दिला. "तिसऱ्या फळीवर घाई करू नको," म्हटलं. "मी तिथंच पडलो."

सत्र संपायला अजून काही शनिवार आहेत. तोवर मी तिथे बसणार आहे.