गुडघा कोनाचा?

या जगात भरवसा ठेवण्यासारखी एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे आपल्या बायकोचा गुडघा, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब असं की तो माझा व्याही निघाला. बाळापूरकडे त्यांचं काळं, कसदार वावर आहे. माझ्या मुलीची सोयरीक ठरवायला ते आमच्या अमरावतीच्या घरी आले, तेव्हा चहाचा कप त्यांनी आधी माझ्यापुढे सरकवला आणि मी घोट घेतल्यावरच स्वतःचा उचलला. मला वाटलं, केवढी ही नम्रता. पुढे ओळख वाढली तेव्हा कळलं की तो संशय होता.

संशय हाच त्यांच्या शेतीचा पाया. खताची बॅग घरी आली की आधी तिची शिवण तपासतात. मग डीएपीचे चार दाणे तळहातावर घेऊन तंबाखूसारखा चुना लावून मळतात, आणि नाकात झणका बसून डोळ्यांत पाणी आलं तरच बॅग आत जाते. युरिया पाण्यात विरघळवून पेल्याला हात लावून बघतात. गार लागला तर खरा. कोवळ्या मक्याची पानं जांभळी दिसली तर स्फुरद कमी पडलंय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, पण शेजाऱ्याच्या वावराकडे एकदा रोखून पाहिल्याशिवाय ते खाली वाकत नाहीत. ‘मका खादाड आहे इवाईबुवा,’ ते मला सांगतात, ‘पन त्याले एकदम वाढून चालत नाही. पेरतानी थोडं, गुडघ्याले आला की थोडं, तुऱ्याच्या आंधी थोडं. पोट पाहून वाढा लागते.’ आणि एवढं सांगून झालं की हे ज्ञान मी कुठे विकणार तर नाही ना, अशा नजरेने माझ्याकडे बघतात.

गोची होती ती त्या गुडघ्यात. मका गुडघ्याइतका झाला की युरियाचा दुसरा हप्ता द्यावा, हे सगळेच सांगतात. व्याह्यांनी खताच्या दुकानदाराला विचारलं, ‘गुडघा कोनाचा?’ व्याही ताडमाड, दुकानदार ठेंगणा. त्याच्या गुडघ्याने गेलं तर त्याचा माल लवकर खपणार, हा कावा यांनी जागच्या जागी ओळखला. म्हणून एका हंगामात स्वतःच्या गुडघ्याची वाट पाहिली, तर तोवर खालची पानं टोकापासून शिरेशिरेने पिवळी पडत गेली. पुढच्या वर्षी विहीणबाई निंदायला उभ्या होत्या आणि मका त्यांच्या गुडघ्याला लागलेला यांनी पाहिला. त्याच दिवशी युरिया दिला, आणि कणसं शेंड्यापर्यंत भरली. झालं. तेव्हापासून दर हंगामाला विहीणबाईंनी मक्याच्या तासात, दोन ओळींच्या मधे, उभं राहायचं, लुगडं जरासं खोचायचं, आणि व्याह्यांनी आधी चहूकडे कोणी बघत नाही ना याची खात्री करून मग माप घ्यायचं.

नेमका तोच गुडघा गेला. विहीणबाई भिंत धरून अंगण ओलांडू लागल्या. मीच दोघांना अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं. गुडघा बदलावा लागेल, नाहीतर चालणं बंद होईल, असं डॉक्टर म्हणाले. व्याह्यांनी विचारलं, नवा गुडघा जुन्याच उंचीवर बसवणार का. डॉक्टर हसून म्हणाले, वाकलेला पाय सरळ होतो, उंची उलट जराशी वाढेल. व्याही उठले आणि थेट बाहेर जाऊन चपला घालू लागले. मका पेरून झालाय, माप बदललं तर हंगाम जाईल, शिवाय बेशुद्ध माणसाचं कोण काय करेल याचा नेम नाही, असं ते मला जिन्यात पुटपुटत सांगत होते. मागून विहीणबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आल्या.

‘अजी, मक्याले काठी लावा,’ त्या म्हणाल्या. ‘मले पाय पायजे.’

व्याही परत वर गेले. ऑपरेशनच्या आधी त्यांनी निंबाची ओली फांदी तोडली आणि विहीणबाईंना उभं करून ती बरोबर गुडघ्याइतकी कापली. ही काठी खरं तर वावरात राहायला हवी होती. व्याही ती दवाखान्यात घेऊन आले, नव्या गुडघ्यात कोणी लबाडी करू नये म्हणून. तिकडे मका वाढत होता, माझे जावई फोनवर फोन करून युरिया देऊ का विचारत होते, आणि हे खाटेशी काठी घेऊन सलाइनचे थेंब निरखत ‘माप माह्यापाशी आहे, थांब’ एवढंच सांगत होते. काठी मी नेऊन देतो म्हटलं, तर त्यांनी ती आणखी घट्ट धरली. पिकाचा घास कधी न चुकवणारा हा माणूस त्या खाटेपासून हलायला तयार नव्हता.

विहीणबाई वॉकर धरून पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा व्याह्यांनी खाली बसून काठी लावली. ती बोटभर तोकडी पडली. आता डॉक्टरांची काही धडगत नाही, असं मला वाटलं. व्याह्यांनी काठीकडे पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा काठीकडे पाहिलं.

‘ओली तोडली होती,’ ते म्हणाले. ‘वाळून आटली असंल.’

त्या हंगामात युरियाला उशीर झाला आणि कणसांची टोकं दाण्यांवाचून मोकळी राहिली. व्याह्यांनी त्याचा ठपका कोणावर ठेवला नाही, दुकानदारावरसुद्धा नाही.

यंदा मी गेलो तेव्हा मका पोटरीच्या वर आला होता. विहीणबाई तासात उभ्या राहिल्या, काठीबिठी काही न घेता. व्याह्यांनी चहूकडे नजर फिरवली, उकिडवं बसून पाहिलं आणि मान हलवली. ‘त्या टोकापासून एक डाव पुन्हा चालत ये,’ ते म्हणाले. ‘मले नीट दिसलं नाही.’ विहीणबाई गेल्या आणि मक्यातून ताठ चालत आल्या. बायको गेल्यापासून माझ्या घरात पावलं वाजतात ती माझ्या एकट्याचीच, म्हणून असेल, धुऱ्याच्या बांधावर उभ्याउभ्या मी त्यांची पावलं मोजत राहिलो.

‘आता दिसलं?’ विहीणबाईंनी विचारलं.

‘नाही. अजून एक डाव.’

व्याह्यांची नजर घारीची आहे. मला दाट संशय आहे, त्यांना पहिल्याच वेळी सगळं दिसलं होतं.