आईसाठी सोडलेली नोकरी

आईच्या महिला मंडळाचा एक नियम होता. महिन्याची बैठक जिच्या घरी असेल, तिच्या घरच्या पुरुषाने सगळ्यांना चहा करून द्यायचा. वाडी या शहरातल्या जुन्या भागात आमची गल्ली होती, तिला ही फुकटची करमणूक होती. बाबा ट्रे घेऊन ओट्यावर आले की समोरचे गुजराती काका हाक मारायचे, "केम साहेब, नवी नोकरी मळी?"

"मळी ना, मिळाली," बाबा म्हणायचे. "पगार नाही, पण शेठाणी कडक आहे."

आईसुद्धा हसायची. नियम मात्र तिने कधी सैल केला नाही.

शिवणवर्ग, रक्तदान, दवाखान्यात कुणाच्या सोबतीला बसणं, हे सगळं ती करायची. पण तिचा खरा जीव बायकांच्या नोकऱ्यांत अडकलेला असे. सासू आजारी पडली किंवा मुलाची दहावी आली म्हणून कुणी नोकरी सोडायला निघाली, की आई पायी पाणीगेटपर्यंत जाऊन तिच्या दारात उभी राहायची. नवऱ्याकडे बोट दाखवून विचारायची, "घरी कुणी राहायला हवं ना? मग हा का नाही राहत?" नवरे ओशाळून हसायचे. पुष्कळ बायकांच्या नोकऱ्या तिने अशा वाचवल्या.

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवायची. आईला तिचं फार कौतुक. बाबा गेल्यावर आम्ही आईला घेऊन शहराच्या कडेला हरणीला नव्या सोसायटीत राहायला आलो. खाजगी कंपन्यांचे पगार तेव्हा भराभर वाढत होते आणि मीही त्या धावण्यात होतो. तिथेच आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली. दिवसा सांभाळायला ठेवलेल्या बाया टिकेनात. बायकोने रजा घेतली. रजा संपत आली तेव्हा तिने जेवताना मला विचारलं, "आता काय करायचं?"

मी म्हणालो, "तूच बघ, तुला काय योग्य वाटतं ते."

राजीनामा दे असं मी तिला कधीच म्हटलं नाही. म्हणावं लागलं नाही. माझा पगार जास्त होता, बढती तोंडावर होती आणि आई बाई होती. तिचं अंग पुसणं, कपडे बदलणं मी कसं करणार? हे सगळं आमच्या घरात न बोलताच ठरलं. ज्या बाईने दुसऱ्यांच्या घरात हाच प्रश्न मोठ्याने विचारला, तिच्या घरात तो कुणी विचारला नाही.

आईने मात्र विचारला. बायको दुपारी भरवायला बसली की ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. संध्याकाळी माझ्या हातून मुकाट्याने जेवायची. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडायची. "माझं काय चुकतं हो? तुमच्या हातचंच का चालतं त्यांना?" डॉक्टर म्हणाले, या आजारात माणसं हट्टी होतात. नातेवाईक म्हणाले, मुलगा तो मुलगाच. तेच मीही बायकोला सांगितलं.

एका सकाळी मी ऑफिसला निघताना आईने डाव्या हाताने माझी बाही धरली. खूप जोर लावून ती दोन शब्द बोलली, "तू राहा." मग दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहून अस्पष्ट पुटपुटली, "शाळा."

मला त्याच क्षणी सगळं समजलं. बायको जवळ येऊन विचारू लागली, "काय म्हणतायत आई?" मी म्हणालो, "काही नाही, मला थांब म्हणतेय. लहान मुलासारखं झालंय तिचं." आणि आईची बोटं सोडवून मी निघालो. त्याच आठवड्यात बायकोने राजीनामा दिला. त्यानंतर आई तिच्या हातून जेवू लागली. आम्ही म्हटलं, चला, सवय झाली. मला वाटतं, तिने हार मानली होती. वर्षभराने ती गेली.

मंडळाने वाडीत शोकसभा ठेवली. आईने जिला उभं केलं होतं अशी एक बाई बोलायला उठली. "बेनच्या शिकवणीचं फळ बघायचं तर त्यांच्या घरात बघा," ती म्हणाली. "सुनेने सासूसाठी चांगली नोकरी सोडली. अशी सून नशिबाने मिळते." बायकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत याचंही कुणाला भान राहिलं नाही. मी उठून हात जोडले.

घरी परतताना स्कूटरवर मागून बायको म्हणाली, "आई असत्या तर त्यांनी तिला तिथेच गप्प केलं असतं."

मी तिला त्या सकाळचं सांगणार होतो. म्हणालो, "लोक प्रेमाने बोलतात गं."

शाळेने तिची जागा केव्हाच भरली होती. इतर शाळांना कमी पगारातल्या तरुण मुली हव्या होत्या. काही वर्षं ती अर्ज करत राहिली, मग तेही थांबलं. माझी बढती झाली. ती दोन शब्दांची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. आईचा विषय निघाला की आजही ती म्हणते, "त्यांना माझ्या हातचं आवडायचं नाही."