सीझनची गोळी

माझी मोठी बहीण हमरापूरला दिली होती. सासरी गणपतींचा कारखाना. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम, तिच्याकडे होतं. तिच्याइतका स्थिर हात त्या घरात कुणाचा नव्हता. पुढे संधिवाताने तिची बोटं सुजायला लागली. सकाळी चहाचा कप धरवेना, तिथे ब्रश कसला धरणार?

पेणच्या डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. थोडेच दिवस घ्या आणि परत दाखवायला या, असं बजावलं. पण लगेच बोटं मोकळी झाली, मग डॉक्टरकडे जातंय कोण? जुनी स्ट्रिप दाखवायची, मेडिकलमधून नवी आणायची. काम संपलं की गोळी बंद. घरात तिला सगळे 'सीझनची गोळी' म्हणायचे, जशी काही ती ब्रश-रंगांबरोबरच येते.

काही वर्षं हे निभावलं. मग परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम आलं आणि सीझन वर्षभराचा झाला. गोळीही वर्षभराची झाली. ताईचा चेहरा गोल गरगरीत दिसायला लागला, हात जरा कुठे आपटला तरी काळानिळा पडायचा. आळीतल्या बायका म्हणायच्या, "सुखात हाय गो तुझी बहीण." माझं डोकं फिरायचं. डॉक्टरला दाखव म्हणून मी तिच्या किती मागे लागले. ती हसायची. "गणपती जाऊ देत, मग जाते."

हरतालिकेच्या संध्याकाळी शेवटचा टेम्पो गेला. तिने ब्रश धुऊन ठेवले आणि पूर्वी सोडायची तशी गोळीही सोडली. सीझन संपला की कारागिराला झोपेतून कुणी उठवायचं नाही, ही त्या घरची रीत. इतकी जागरणं झालेली असतात, रीत चांगलीच म्हणायची. गौरीच्या दिवशी मी रोह्याहून गेले तेव्हा ताई पडूनच होती. भावोजी म्हणाले, "झोपू दे गो तिला, दमलीय." मी कपाळाला हात लावला तर गार घाम. उलट्या होत होत्या, त्याही तिने अंगावर काढलेल्या. धड बोलवत नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, रोजचं काही औषध? भावोजी म्हणाले, "काहीच नाय." खोटं नव्हते बोलत, त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं. मी गोळीचं सांगितलं. डॉक्टरांनी तेच औषध इंजेक्शनातून द्यायला सांगितलं, तशी मी भडकले. ज्याने ही वेळ आणली तेच पुन्हा देताय?

"हे स्टेरॉइड आहे. औषध वाईट नाही," ते म्हणाले. "बाहेरून सतत मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. म्हणून हळूहळू कमी करायचं असतं. एकदम सोडलं की असं होतं."

सकाळ व्हायच्या आत ताई गेली. मी तिचा हात धरून बसले होते. बोटं पुन्हा सुजली होती.

दिवाळीनंतर मी भावोजींकडे गेले तेव्हा ताईची धाकटी जाऊ माझ्याजवळ येऊन बसली. आता आखणी तिच्याकडे आली होती. हळूच म्हणाली, "ताईंच्या गोळ्या उरल्यात, त्या मी घेऊ का?"

माझं तोंड मुळातच फटकळ. तिला फाडून खाणार होते, तेवढ्यात तिची बोटं दिसली. मूठसुद्धा मिटत नव्हती. मी म्हटलं, "उद्या पेणला चल, डॉक्टरांना दाखवू. मी येते बरोबर."

"उद्या नाय गो जमायचं," ती म्हणाली. "उद्या परदेशच्या मूर्ती जायच्या हायत."