त्याचा किल्ला, माझा मनोरा

महाडला माझा एक मित्र होता. बिरवाडीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होता आणि आईसोबत नदीकडच्या आळीत, तळमजल्यावर राहायचा. मी पोलादपूरला शाळेत शिकवतो. रविवारी सकाळची एसटी धरून मी त्याच्याकडे जायचो आणि आम्ही दोघे, तिशी ओलांडलेले बाप्ये, सुपरहिरोंवरून भांडायचो.

कॉमिक्सची दोन मोठी विश्वं. एक त्याचं, एक माझं. त्याचे वीर देवांसारखे, धिप्पाड, अबोल. माझे चुकणारे, रडणारे, मार खाता खाता विनोद करणारे.

"देव कधी हरतच नाय, मग गंमत काय त्यात?" मी म्हणायचो.

"तुझे नुसते बडबडतात. माझा एकटा आला तरी तुझी अख्खी फौज पळेल."

त्याची आई चहा ठेवताना म्हणायची, "भावल्यांवरनं काय भांडताय रे? आवाज पार नाक्यावर जातोय."

तोंड चालू असताना हातही चालायचे. दोघांनी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे मोठे सेट मागवले होते. तो त्याच्या नायकाचा काळा किल्ला रचत होता, मी माझ्या वीरांचा मनोरा. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, सापडेल ते तोंडात घालायची. म्हणून माझा मनोरा त्याच्याकडेच असायचा.

त्या पावसाळ्यात सावित्री नदी गावात शिरली. रस्ते बंद, फोन बंद. पाणी ओसरल्यावर मी चिखल तुडवत त्याच्या दारात पोचलो. तो फावड्याने गाळ ओढत होता. आई वरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप होती. गाळात काळे ठोकळे दिसत होते. त्याने पोटमाळ्याकडे बोट केलं. माझा मनोरा तिथे जसाच्या तसा उभा होता.

"आणि किल्ला?"

"पाणी भराभर चढत होतं. आईला वर सोडून आलो आन् एकच खेप जमली. तुझी वस्तू होती रे ती. माझं काय, माझंच होतं."

सापडले तेवढे ठोकळे आम्ही बादलीत धुतले. निम्मेही मिळाले नाहीत. मी म्हटलं, मनोरा तू ठेव. तो हसला. "तुझं विश्व माझ्या घरात? नको."

पुढे त्याला पनवेलजवळ नोकरी मिळाली. आईला घेऊन तो गेला. पोलादपुरात या विषयावर भांडेल असं माणूस मला अजून मिळालेलं नाही.

परवा त्याच्या नायकाचा नवा सिनेमा पाहिला आणि घरी येऊन त्याला फोन लावला. मुद्दाम खोड काढली. "तुझा देव यंदा अगदीच मिळमिळीत झालाय बघ."

"असेल," तो म्हणाला. "आता बघत नाय रे मी तसलं काय. पोरगी कितवीत हाय तुझी?"

मी सांगितलं. त्याला डिवचायला आणखी दोन-तीन वाक्यं मी परतीच्या एसटीत बसून जुळवली होती. ती बोललोच नाही.