लुकूने कोरलेली आफ्वे

पश्चिम आफ्रिकेतल्या आमच्या बाउले मुलखात बाईचा मुखवटा कोरायचा तर तिला समोर बसवत नाहीत. आमचा कोरक्या लुकू तर आफ्वेवहिनीकडे सरळ बघायचाही नाही. विस्तव मागायला यायचा, कोनफळांचा भाव विचारायचा आणि न घेताच जायचा. मी ढोल वाजवणारा, पण नको तिथे नाक खुपसायची खोड जुनी. एकदा त्याला गाठलंच.

"लुकू, तू तिला बघतोस तरी कधी रे?"

"ती तुझ्या दादाशी भांडते तेव्हा. चेहरा सांभाळायचं विसरते."

"मग तर तुला रोजच जत्रा!"

मुखवटा माझ्या थोरल्या भावाने, एन्द्रीदादाने करायला सांगितला होता. वहिनीसारखी नाचणारी गावात दुसरी नाही. मुखवटा म्हणजे त्या बाईचं दुसरं रूप. एक पुरुष तो घालून नाचतो, आणि जिचा चेहरा ती त्याच्या शेजारी नाचते. पण लहानपणी चुलीत पडून वहिनीचा डावा गाल भाजला होता. चारचौघांत ती तो फडक्याने झाकायची, तरी गाव तिला त्या गालावरूनच ओळखायचं. तिने लुकूला बजावलं, "गाल नितळ हवा. नाहीतर मी बाहेर येणार नाही."

"आणि लोकांनी ओळखलं नाही तर? अब्रू माझी जाईल, बाई!" लुकू चरफडला, पण कोरला नितळच. रानातल्या झोपडीत मी त्याला वाकस चालवताना पाहिलं. तिचं कपाळ, झुकलेल्या पापण्या, भांडण संपल्यावर ओठांवर उरतं ते थोडंसं हसू. हे लाकडात कसं उतरतं, मला अजून उमगलेलं नाही.

नाचाच्या दिवशी मुखवटा मैदानात आला. अशा वेळी लोकांनी त्या बाईचं नाव घेऊन हाक मारायची असते. कुणी मारेना.

"ही कुणाची सून गं?" एका म्हातारीने विचारलं आणि हशा पिकला.

"लुकू, वाकस ठेव, कुदळ घे!" कुणीतरी ओरडलं.

लुकू घामाघूम झाला. नाव न घेता नाच संपला, तर त्याला पुन्हा कुणी काम देणार नव्हतं. मला त्याची इतकी दया आली की माझे हात ढोलावरच थांबले.

तेवढ्यात गालावर फडकं धरून वहिनी पुढे आली. मुखवट्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने फडकं काढून कमरेला खोचलं.

"मीच आहे ही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गाल तेवढा माझ्याजवळ राहिलाय. ढोल का थांबला, भावजी?"